दिसू नये म्हणून केलेली खूण

आमची पहिली भेट एका प्लगवरून झाली, आणि ती भांडणानेच झाली.

जुन्या बाजारात चपलांच्या दुकानावर एक लांबट खोली होती. तिथे बसून काम करायला महिन्याच्या बोलीने खुर्ची मिळायची. मी त्या खोलीत बसून लोकांसाठी लेख लिहायचे. गाद्या विकणाऱ्यांसाठी, दातांच्या डॉक्टरांसाठी, जो सांगेल त्याच्यासाठी. माझ्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेली होती, वायर निघाली की तो बंद. आणि खोलीत धड चालणारा प्लग एकच, खिडकीखाली. त्या सकाळी मी पोचले तर तिथे एक लांब हातापायांचा माणूस स्वतःची वायर खोचून आरामात बसलेला.

“ही माझी जागा आहे,” मी म्हणाले.

“नाव दिसत नाही कुठे,” तो मान वर न करता म्हणाला.

“माझं नाव कुठेच दिसत नसतं. धंदाच तसला आहे.”

तेव्हा त्याने वर बघितलं. आधीच सांगते, तो काही राजकुमार नव्हता. कान जरा मोठेच होते. पण समोरचा बोलायला लागला की तो मान किंचित तिरकी करायचा, आणि ती तिरकी झाली की वाटायचं, या घडीला जगात आपल्याशिवाय दुसरं कुणी बोलतच नाहीये.

“लिहिता?”

“लिहिते. कुणी वाचत नाही, एवढंच.”

“वाचत नाहीत… की त्यांना सापडत नाही?”

मी भांडण अर्धंच सोडून वायर गुंडाळली. असं माझं फार क्वचित होतं.

दुसऱ्या दिवशी तो एक एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन आला. पांढरा, लांब वायरचा, दोघांची सोय होईल असा. खिडकीखाली लावून त्याने दुसरं टोक माझ्या टेबलाखाली सरकवलं.

“भांडण मिटलं,” तो म्हणाला.

“मी कुठे मिटवलंय?” असं म्हणून मी वायर खोचली.

लोकांच्या साइट गुगलवर वर आणायच्या, हे त्याचं काम. खोलीत कुणाचं काही अडलं की तो खुर्ची ओढून शिकवायला बसायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणायचे. माझं निम्मं काम ज्या संपादकबाईंकडून यायचं, त्यांच्या घरगुती कामांच्या साइटचीही तीच बाजू तो सांभाळायचा. आणि त्याच बाईंनी मला एके दिवशी फोनवर गाठलं.

“भाषा छान आहे हो तुमची,” त्या म्हणाल्या, “पण छान भाषेचं मी करू काय? लेख गुगलवर येतच नाही. मला हे तंत्र जाणणारी कायमची लेखिका हवी आहे. आजपासून वर्ष संपेपर्यंत स्वतःचा एक तरी लेख पहिल्या पानावर आणून दाखवा, जागा तुमची. नाहीतर मी दुसरी बघते.”

इकडे ताई टपलेलीच होती. तिच्या गावी भाऊजींचं मालाचं गोदाम होतं. “तुझं टेबल तयार आहे,” ती दर फोनला सांगायची. “आलेला माल लिहायचा, गेलेला माल लिहायचा. तेही लिहिणंच की.” ताईचा जीव आहे माझ्यावर, म्हणून ते वाक्य जास्तच लागायचं. शेवटी मी तिला शब्द दिला. वर्ष संपेपर्यंत जमलं नाही तर येईन, आणि पुन्हा लिहिण्याचं नाव काढणार नाही.

“मला शिकवाल?” मी मास्तरला विचारलं.

“फी लागेल.”

“काय?”

“चहा गार व्हायच्या आत पीत जा. रोज बघवत नाही मला ते.”

पहिल्या धड्याला त्याने विचारलं, “लिहिणं सोडून तुम्हाला काय येतं?” मी म्हणाले, शिवणयंत्र दुरुस्त करता येतं. आई शिवायची. यंत्र बिघडलं की तिचा दिवस बुडायचा आणि त्याबरोबर आमचाही, म्हणून मी लहानपणीच शिकून घेतलं होतं. “मग त्यावरच लिहा,” तो म्हणाला. मी जीव ओतून लिहिलं. यंत्राची टिकटिक म्हणजे माझ्या बालपणाचे हृदय, अशी सुरुवात होती, आणि मला ती फार आवडली होती.

“छान,” मास्तर म्हणाला. “आता एक बाई डोळ्यांपुढे आणा. अर्धा झगा शिवून झालाय आणि दोरा पुन्हा तुटलाय. ती फोन हातात घेऊन काय टाकेल? लेखिकेचं बालपण?”

“…नाही.”

“मग?”

“शिवणयंत्राचा दोरा सारखा का तुटतो.”

“हेच तुमचं शीर्षक. उत्तर पहिल्या चार ओळींत. बालपण खाली ठेवा, दोरा जमला की वाचेल ती.”

मला राग आला. मी मुळात रडकी नाही, चिडकी आहे. घरी जाऊन मी तेच शब्द सूड घेतल्यासारखे ओळीओळीत कोंबले. दुसऱ्या दिवशी त्याने तो लेख अगदी गंभीर चेहऱ्याने मोठ्यांदा वाचला. “शिवणयंत्राचा दोरा तुटत असेल तर शिवणयंत्राचा दोरा का तुटतो हे शिवणयंत्राचा दोरा…” मग थांबून म्हणाला, “एवढ्या वेळा नाव घेतल्यावर देवही पावला असता. गुगल नाही पावणार.”

आम्ही इतके हसलो की शेजारी नकाशे काढणाऱ्या बाई उठून दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या.

तिसऱ्या खेपेला मी आईशी बोलल्यासारखं लिहिलं. ‘दोरा तुटला की आपण दोऱ्याला नावं ठेवतो. बहुतेक वेळा दोरा चांगलाच असतो, ओवताना एक जागा सुटलेली असते. सगळा दोरा काढा आणि पहिल्यापासून ओवा.’ मास्तरने ते दोनदा वाचलं. “याला शोधत कुणीतरी येईल,” तो शेवटी म्हणाला. तेव्हा तो लेखाकडे बघत नव्हता.

माझ्या नावाची साइट त्यानेच उभी करून दिली. करता करता समजावत होता, “काम चालू आहे तोवर सेटिंगमध्ये ही एक खूण करून ठेवायची. म्हणजे शोधयंत्रं इकडे फिरकत नाहीत. अर्धा शिवलेला कपडा कुणाला दाखवतो का आपण? उघडायच्या दिवशी खूण काढायची.”

उघडायच्या दिवशी पावसाची जोराची सर आली. पत्र्याच्या फटीतून धार लागली ती नेमकी आमच्या बोर्डाशेजारी. मी वायर उपटायला वाकले, तर त्याने माझं मनगट धरून मला मागे ओढलं.

“वेडी आहेस का? हात मागे घे.”

आहेस. घे. कालपर्यंत आम्ही अहो-जाहो करत होतो. त्याच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले. मनगट मात्र त्याने लगेच सोडलं नाही, आणि मीही ते मागितलं नाही. मग आम्ही लॅपटॉप पोटाशी धरून जिन्यात जाऊन बसलो. खालून नव्या चामड्याचा वास येत होता.

“माझ्याबद्दल कुणाला शोधायचं असेल, तर काय टाकेल?” मी विचारलं.

“चिडकी बाई, घरगुती उपाय.”

“आणि तुझ्याबद्दल… मोठ्या कानांचा माणूस, माझ्या जवळ.”

लोक दुकानं शोधताना तसंच टाकतात, म्हणून मी म्हणाले. पण म्हणून झाल्यावर आम्ही दोघंही पावसाकडे बघत बसलो.

तिथेच त्याने मला त्याच्या जुन्या नोकरीबद्दल सांगितलं. त्याच्या हातून एक सेटिंग चुकलं आणि एका मोठ्या गिऱ्हाइकाची अख्खी साइट गुगलवरून गायब झाली. साहेबाने सगळ्यांसमोर त्याला उभं करून काढून टाकलं. “तेव्हापासून मी सगळं तीनतीनदा तपासतो,” तो म्हणाला. “पुन्हा तसं झालं तर हे काम सोडेन. दुसऱ्याच्या पोटावर पाय आणायचा तो कितीदा?” एवढं बोलताना त्याच्या तोंडावरचं हसू साफ गेलं होतं. सर ओसरल्यावर त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर ओल्या बोटांनीच बटण दाबलं आणि म्हणाला, “उघडली बरं का तुझी साइट.”

मग शून्यं सुरू झाली.

गुगलवरून किती माणसं आली ते रोज एका पानावर दिसायचं. मी सकाळी तोंड धुवायच्या आधी ते उघडायचे. शून्य. मी सुईवर लिहिलं, पट्ट्यावर लिहिलं, उसवणाऱ्या टिपेवर लिहिलं. शून्य. “नव्या साइटला वेळ लागतो,” मास्तर सांगायचा, “कधी कधी महिने जातात.” ते खोटं नव्हतं. मी एकदाच विचारलं, “काही राहिलं तर नाही ना आपल्याकडून?”

“माझ्याकडून?” तो म्हणाला. दुखावला होता. मी पुन्हा विचारलं नाही.

हळूहळू माझी खात्री पटत गेली की खोट माझ्यातच आहे. संपादकबाई म्हणाल्या ते बरोबर, ताई म्हणते ते बरोबर. मी इतकी वर्षं लिहिते म्हणजे काय करते? नावाशिवाय लिहिलं तेव्हा नाव नव्हतं म्हणून कुणी ओळखलं नाही, असं म्हणायची सोय होती. आता नाव होतं, आणि तरी एकही माणूस वाट चुकून आलं नव्हतं. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तसं गाद्यावाल्यांनीही काम थांबवलं. साधं वाक्य लिहायचं तरी हात अडायला लागला. एखादा शब्द लिहायचा, खोडायचा, पुन्हा तोच लिहायचा, आणि हे कशाला, असं वाटून बसून राहायचं. जेवण जाईना. आरशात बघितलं की मला माझीच कीव यायची, आणि कीव मला मुळीच सोसत नाही.

चहा पुन्हा गार व्हायला लागला. मास्तर बघायचा, पण आता काही म्हणायचा नाही. आमच्यातलं हसणं कधी थांबलं ते आठवत नाही. एकदा जिना उतरताना तो म्हणाला, “तू गेलीस तर…”

“तर काय?”

त्याने कठड्यावरून बोट फिरवलं. “तर… बोर्डाचं एक टोक रिकामं राहील.”

“मग दुसऱ्या कुणाला दे,” मी म्हणाले आणि भराभरा खाली गेले. मला त्याच्या तोंडून बोर्डाबद्दल ऐकायचं नव्हतं.

वर्ष संपलं. संपादकबाईंना मी कळवून टाकलं, जमलं नाही. ताईला कळवलं, येते. शेवटच्या दिवशी वाटलं, जायच्या आधी ती साइटही बंद करून टाकावी, मागे आपलं काही उघडं राहायला नको. बंद करायचं बटण शोधत मी सेटिंगमध्ये शिरले. एका पानाच्या अगदी तळाशी ते वाक्य होतं. शोधयंत्रांनी या साइटवर येऊ नये. त्याच्या शेजारच्या चौकोनात बरोबरची खूण होती, पहिल्या दिवशी केलेली, तशीच्या तशी.

मी ते वाक्य किती वेळा वाचलं कोण जाणे. माझे लेख कुणी नाकारले नव्हते, कुणी ते बघितलेच नव्हते. मी वर्षभर बंद दाराआड बसून, कुणी का येत नाही म्हणून स्वतःला बोल लावत होते. समोर मास्तर खाली वाकून माझ्या पुस्तकांच्या खोक्याला सुतळी बांधत होता. गाठ मारून झाल्यावर त्याने ती ओढून बघितली. एकदा, दोनदा, तीनदा.

हाक मारायला मी तोंड उघडलं होतं. पण मला तो जिन्यातला चेहरा आठवला. आता सांगून माझं वर्ष परत येणार नव्हतं, आणि त्याचं काम मात्र गेलं असतं. मी खूण काढली, लॅपटॉप मिटला.

“केलीस बंद?” त्याने विचारलं.

“राहू दे. कुणाला त्रास आहे तिचा?”

त्याने बोर्ड पुढे केला, घेऊन जा म्हणून. मी म्हणाले, तुझ्याकडेच ठेव. त्याने मान तिरकी केली, जणू मी अजून काही बोलणार आहे. मी खोकं उचललं.

गोदाम उंच होतं आणि थंड. छताला लांब पांढरे दिवे, कोंदट पुठ्ठ्याचा वास. मी आलेला माल लिहायचे, गेलेला माल लिहायचे. दुपारी ताई डबा घेऊन यायची आणि मी किती खाल्लं ते बघत बसायची. मास्तरचा फोन आला नाही. पहिल्यांदा मी त्याच्यासाठी सबबी शोधल्या, मग माझ्यासाठी. मीच मनात मांडे खात होते. त्याने कधी काही म्हटलं होतं का? बोर्डाबद्दल म्हटलं होतं. रडू येत नव्हतं, आलं असतं तर बरं झालं असतं.

काही महिन्यांनी एका दुपारी, कुणास ठाऊक का, मी गुगलवर टाकलं. शिवणयंत्राचा दोरा सारखा का तुटतो. माझा लेख पहिल्या पानावर होता. खाली बायकांनी लिहिलं होतं, दोरा जमला, झगा झाला, देव तुमचं भलं करो. मला आनंद व्हायला हवा होता. खोट माझ्यात नव्हती, हे आता कुणाला सांगू? फोन मी उपडा ठेवला आणि पुढच्या गाडीचा माल लिहायला घेतला. तरी त्या दिवसापासून रोज सकाळी सेटिंग उघडून तो चौकोन रिकामा आहे ना, तेवढं बघायची सवय लागली.

आणि मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तो गोदामाच्या दारात उभा होता. वाळला होता, त्यामुळे कान आणखीच मोठे दिसत होते.

“खूण तू काढलीस,” तो म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

“कसं कळलं?”

“तू गेलीस त्याच दिवशी साइट उघडून बसलो. तेवढंच तुझं मागे उरलं होतं. सेटिंग बघितलं तर खूण नव्हती. आणि मी ती कधी काढली, ते मला आठवेना. मग थोड्याच दिवसांत माणसं यायला लागली, तेव्हा कळलं.”

“मग इतके दिवस फोन का नाही केलास?”

“कुठल्या तोंडाने करणार होतो?”

तेव्हा मात्र माझा तोल गेला. “मला वाटलं मला लिहिताच येत नाही. वर्षभर वाटत होतं. तू समोर बसून बघत होतास. मी इथे खोकी मोजते, मास्तर. दुसऱ्यांच्या साइटवर तू सगळ्यात आधी हेच बघतोस ना?”

“हेच बघतो,” तो म्हणाला. त्याने नजर खाली घातली नाही. “तुझ्या वेळी मनगट हातात होतं. त्यानंतर मी काय केलं नि काय राहिलं… मला काहीच आठवत नाही. आणि नंतर तू विचारलंस तेव्हा तपासायला भ्यालो.”

माझे डोळे शेवटी भरले. मी ते बाहीने पुसले.

“मी बाईंकडे गेलो होतो,” तो पुढे म्हणाला. “सगळं सांगितलं. चूक माझी, लेख तिचे चांगलेच होते म्हटलं.”

“मग?”

“जागा भरली म्हणाल्या.”

“आणि?”

“आणि एवढी साधी गोष्ट ज्याच्या हातून राहते तो माणूस मला नको, असंही म्हणाल्या. माझंही काम गेलं. खुर्चीही सोडली.”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. मग मला हसू फुटलं, चांगलं नाक वाहेपर्यंत. “म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं…”

त्याने पिशवीतून पांढरा बोर्ड काढला. “आणि हाती हे आलं.”

माझ्या टेबलाखाली एक प्लग होता. बोर्ड लावला, त्यात माझ्या लॅपटॉपची वायर खोचली, तोवर ताई डबा घेऊन आली. तिने त्याच्या कानांकडे बघितलं, मग माझ्या डोळ्यांकडे. “हेच का ते मास्तर?” ती म्हणाली आणि दोघांसाठी वाढायला लागली. वाढता वाढता तिला लॅपटॉप दिसला. “लिहिण्याचं नाव काढणार नव्हतीस ना?”

“लिहीत नाहीये. उत्तर देतेय.”

एका बाईने लेखाखाली विचारलं होतं, ‘पहिल्यापासून ओवला तरी तुटतोय. कंटाळले हो. यंत्र विकून टाकू का?’ मी लिहिलं, ‘विकू नका. सुई उलटी बसली असेल. ती काढून नीट बसवा आणि पुन्हा ओवा. नाही जमलं तर परत विचारा, मी आहे.’ खूप दिवसांनी माझा हात कुठेही अडला नाही.

“पाठवू?” मी विचारलं.

“थांब,” मास्तर पुढे सरकला, “आधी ती खूण बघू दे.”

“ती मी रोज सकाळी बघते,” मी त्याचा हात बाजूला केला. “प्रेम केलंय तुझ्यावर, विश्वास नाही ठेवलेला.”

ताईचा हात वाढता वाढता तसाच थांबला. मास्तरची मान तिरकी झाली ती सरळ होईना. मी काय बोलून बसले ते मला सगळ्यांत उशिरा कळलं. लिहिलं असतं, तर खोडता आलं असतं.